युरोपातल्या रिव्हर क्रूझ कंपन्यांमध्ये नेमका फरक काय? आई-बाबांसाठी कोणती निवडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा सत्तरीच्या आसपासचे, बाबांचे गुडघे दुखरे, आई पक्की शाकाहारी. आधी एकदा बसने युरोप टूर झाली आहे आणि पहाटे बॅगा भरून खाली आणायची ती दगदग पुन्हा नको. वायकिंग, अमावॉटरवेज, युनिवर्ल्ड, एमराल्ड, क्रोइझीयुरोप अशा सगळ्यांची माहितीपत्रकं वाचून झाली, पण सगळी एकसारखीच वाटतात. मग घ्यायची कुठली?

मी जर्मनीत ऱ्हाईनकाठच्या गावात राहते. ही जहाजं रोज समोरून जाताना दिसतात, आणि सासू-सासऱ्यांना व आईला घेऊन त्यांतून प्रवासही केला आहे. माहितीपत्रकं सारखी वाटतात, कारण जहाजंच जवळपास सारखी असतात. ॲमस्टरडॅमहून बुडापेस्टला जाणारं जहाज ऱ्हाईनमधून माईन नदीत शिरतं, तिथून कालव्याने डॅन्यूबमध्ये उतरतं. बाम्बर्ग ते केल्हाइम हा १७१ किलोमीटरचा कालवा १९९२ मध्ये पूर्ण झाला. वाटेत जहाज समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीपर्यंत चढतं आणि मग पलीकडे उतरतं. हे चढणं-उतरणं होतं लॉकमधून, म्हणजे दरवाजे बंद करून पाणी भरायच्या किंवा सोडायच्या हौदांमधून. हे हौद बारा मीटर रुंद. त्यामुळे जहाज साडेअकरा मीटरच्या आतच बसवावं लागतं, आणि लांबीला मोठ्यातलं मोठं १३५ मीटर. काडेपेटी कव्हरात सरकावी तसं ते आत जातं. तुम्ही बाल्कनीत असाल तर हात लांब केला की भिंतीचं ओलं, शेवाळलेलं काँक्रीट हाताला लागतं (हात लांब करू नका, कर्मचारी ओरडतात, आणि बरोबरच ओरडतात). पूल इतके बुटके की कधीकधी कप्तानाची केबिनच खाली दबून आत जाते आणि वरचा डेक बंद ठेवावा लागतो.

सांगायचा मुद्दा असा की समुद्रातल्या क्रूझसारखं इथे कुणी मोठं जहाज बांधून बाजी मारू शकत नाही. फरक असतो तो त्याच मापात माणसं किती भरली, भाड्यात काय काय धरलं, आणि चालायला न जमणाऱ्या माणसाची सोय कशी केली, यात.

माणसांपासून सुरुवात करते. वायकिंगची २०१२ पासून आलेली ‘लाँगशिप’ नावाची जहाजं १३५ मीटरची, प्रवासी १९०. तितक्याच लांबीच्या जहाजात टॉक ही अमेरिकन कंपनी १३० च प्रवासी नेते. साठ माणसं कमी म्हणजे खोल्या मोठ्या, जेवणघरात गलका कमी, उतरताना रांग कमी. पैसेही अर्थात त्याच हिशोबाने. अमावॉटरवेजने (पुढे नुसतं अमा) २०१९ मध्ये वेगळाच मार्ग काढला. त्यांचं अमामॅग्ना २२ मीटर रुंद आहे, म्हणजे जवळजवळ दुप्पट, पण प्रवासी १९६ च. मात्र ते अरुंद लॉकमधून जाणार कसं? म्हणून ते डॅन्यूबवरच फिरतं.

आता भाड्यात काय येतं ते. वायकिंगमध्ये दुपारच्या व रात्रीच्या जेवणाबरोबर वाइन-बिअर, बहुतेक प्रत्येक गावात एक सहल आणि वाय-फाय धरलेलं असतं. लाँगशिपवर जिम नाही, तरणतलाव नाही, आणि अठरा वर्षांखालचं कुणी नाही. आई-बाबांबरोबर नातवंडं पाठवायचा विचार असेल तर वायकिंग तिथेच बाद. मग अमा किंवा टॉक बघा. डिस्नेच्या कौटुंबिक सहली अमाच्या जहाजांवरून निघतात, आणि टॉकच्या कुटुंबांसाठी वेगळ्या तारखा असतात. वायकिंगबद्दल मला आवडतं ते असं की जे नाही ते नाही म्हणून सांगतात. व्याख्यानं, इतिहास, शांतता हा त्यांचा बाज आहे, आणि ज्यांना तो हवा त्यांना तो पुरेपूर मिळतो.

युनिवर्ल्ड आणि सीनिक या दोन्ही ‘सगळं धरून’ प्रकारातल्या. दिवसभराची पेयं, टिप, सहली सगळं भाड्यात. युनिवर्ल्डच्या जहाजांत झुंबरं, संगमरवर, जुन्या राजवाड्याचा थाट. डोळ्यांना ते फार होतं असं काहींना वाटतं, माझ्या सासूबाईंना मात्र तसली सजावट बेहद्द आवडते. सीनिक ऑस्ट्रेलियन, खोलीगणिक बटलर. तुमचे आई-बाबा दारू घेत नसतील तर इथे एक साधा हिशोब करा: दिवसभराच्या वाइन-व्हिस्कीचे पैसे भाड्यात दडलेले असतात आणि ते तुम्ही भरता. सीनिकचीच धाकटी बहीण एमराल्ड. जहाज नवं आणि नेटकं, भाडं मधलं. ऱ्हाईन-डॅन्यूबवरच्या तिच्या जहाजांत मागच्या बाजूला गरम पाण्याचा छोटा तलाव असतो, वर सरकतं छप्पर, आणि रात्री तिथेच सिनेमा लावतात.

ॲव्हलॉन या आणखी एका कंपनीचं एक वैशिष्ट्य मला सगळ्यांत पटलेलं आहे. त्यांच्या पॅनोरमा खोल्यांत पलंग नदीकडे तोंड करून असतो आणि समोरची काच जवळजवळ भिंतभर सरकते. ज्यांना दिवसातले काही तास आडवं पडून राहावं लागतं, त्यांना झोपल्याझोपल्या किल्ले आणि द्राक्षमळे सरकताना दिसतात. गुडघेदुखीच्या माणसाला हे कुठल्याही बटलरपेक्षा मोलाचं.

क्रोइझीयुरोप ही स्ट्रासबर्गची फ्रेंच कुटुंबाची कंपनी, १९७६ पासूनची. भाडं कमी, पेयं त्यातच, खोल्या लहान. पण जेवण म्हणजे सगळ्यांना एकच ठरलेला बेत, फ्रेंच पद्धतीचा. शाकाहारी हवं असेल तर आधीच सांगून ठेवावं लागतं. बरोबरचे प्रवासीही बहुतेक फ्रेंच. आरोझा आणि फिनिक्स या जर्मन कंपन्या. मला भाषा येते म्हणून मला त्या चालतात. आई-बाबांना एकट्याने पाठवताना मी पाठवणार नाही. जेवताना शेजारच्यांशी दोन शब्द बोलता आले नाहीत तर आठवडा फार लांब वाटतो.

आता बाबांचे गुडघे. या बाबतीत माहितीपत्रकं गप्प असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं, लिफ्ट. जहाजात लिफ्ट आहे म्हणजे सगळीकडे जाते असं नाही. बऱ्याच जहाजांत ती खोल्यांच्या वरच्या दोन मजल्यांपुरतीच असते. सर्वांत वरच्या उघड्या डेकवर जिन्यानेच जावं लागतं आणि तळमजल्यावरच्या स्वस्त खोल्यांनाही जिनाच. त्या खोल्यांची खिडकी उंचावर, पाण्याला टेकलेली, न उघडणारी. धडधाकट माणसाने पैसे वाचवायला ती जरूर घ्यावी. बाबांसाठी मधला मजला घ्या. तिथे बहुधा ‘फ्रेंच बाल्कनी’ असते, म्हणजे दार पूर्ण उघडतं पण बाहेर उभं राहायला जागा नसते. खुर्ची दाराशी ओढून बसलं की झालं. खोली जहाजाच्या मधोमध मागा. मागे इंजिनाची घरघर येते, आणि रात्री लॉकमध्ये शिरताना पुढची यंत्रं सुरू झाली की पुढच्या खोल्यांत जाग येते.

दुसरं, जहाजाला जहाज लावणं. व्हिएन्ना, कलोन, बुडापेस्ट अशा गर्दीच्या ठिकाणी धक्का अपुरा पडतो, म्हणून दोन-तीन जहाजं एकमेकांना खेटून बांधतात. तुमचं बाहेरच्या बाजूला असेल तर किनाऱ्यावर जायला शेजारच्या जहाजातून जावं लागतं. दोघांच्या लॉबी एका पातळीत असल्या तर सरळ आरपार. नसल्या तर जिन्याने आपल्या वरच्या डेकवर, तिथून पलीकडच्या डेकवर, मग तिथला जिना उतरून बाहेर. आणि नदीला पाणी कमी असेल तेव्हा धक्क्याची फळी चांगलीच चढी होते. सासूबाईंना एका संध्याकाळी हे सगळं एकदम करावं लागलं. दोन खलाशी दोन्ही बाजूंनी हात धरून होते. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं, पण सासूबाई दुसऱ्या दिवशी जहाजातून उतरल्याच नाहीत. खेटून बांधलं की बाल्कनीसमोर नदीऐवजी दुसऱ्याची बाल्कनी येते तेही आहेच. पडदा ओढायचा.

तिसरं, सहली. बहुतेक ठिकाणी कानात लावायचं यंत्र देतात, त्यातून गाइडचा आवाज येतो, त्यामुळे चार पावलं मागे राहिलं तरी बिघडत नाही. पण जुन्या गावांत सगळीकडे दगडी फरसबंदी. अमा सावकाश चालणाऱ्यांचा वेगळा गट करते, आणि तुमच्यासाठी हीच त्यांची सर्वांत मोठी जमेची बाजू. ॲव्हलॉनही सहलींची चालण्याच्या दमानुसार विभागणी करते. ऑस्ट्रियातल्या मेल्कच्या मठात बस वरपर्यंत नेते, पण आत पायऱ्या आहेतच. ड्युर्नश्टाइनची गल्ली चढाची. उलट ब्रातिस्लाव्हात जुनं शहर धक्क्याला लागूनच आहे, कलोनलाही धक्का जवळ मिळाला तर कॅथेड्रल समोरच, आणि व्हिएन्नाला राइक्सब्रुकं पुलाजवळ जहाज लागलं तर जवळूनच यू-१ मेट्रो थेट शहराच्या मध्यावर, श्टेफान्सप्लाट्झला सोडते. ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी सहल चुकवून जहाजावरच चहा प्यावा. चहा-कॉफीचं यंत्र बहुतेक जहाजांत लाउंजपाशी दिवसरात्र चालू असतं.

आईंचं जेवण. कुठलीही चांगली कंपनी शाकाहारी जेवण देते, पण ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्यावर अंडं चालतं असंच गृहीत धरतात. सूप मांसाच्या रश्शावर असू शकतं, गोडात जिलेटिन, आणि पार्मेझान चीजमध्ये दूध घट्ट करायला वापरलेलं वासराच्या पोटातलं रेनेट. म्हणून बुकिंग करतानाच मांस, मासे, अंडं, जिलेटिन, मांसाचा रस्सा यांतलं काहीच नको असं एकेक नाव घेऊन लिहून द्या, आणि पहिल्या संध्याकाळी जेवणघराच्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगायला सांगा. एकदा कळलं की ते लोक मनापासून करतात. मेमध्ये जर्मनीत पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो, साधारण २४ जूनपर्यंत. उकडलेली शतावरी, उकडलेले बटाटे, वर लोणी. पिवळं हॉलंडेझ सॉस अंड्याचं असतं, ते नको म्हणायचं. सासूबाई बटाट्यांवर डबीतलं मेतकूट भुरभुरायच्या आणि समाधानाने जेवायच्या.

नदी आणि महिना मात्र कंपनीच्या आधी ठरवा. नदीला पाणी कमी झालं की जहाज अडतं, जास्त झालं की पुलाखालून जात नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये काउब इथल्या मापकावर ऱ्हाईन २५ सेंटिमीटरवर आली होती (हे मापकाचं माप; प्रत्यक्ष जलमार्ग त्याहून मीटरभर जास्त खोल असतो, तरी मोठ्या जहाजांना ते फार कमी). उलट जून २०१३ मध्ये जर्मनीतल्या पासाउला डॅन्यूबने १२.८९ मीटर गाठले. तिथल्या टाउन हॉलच्या मनोऱ्यावर शतकानुशतकांच्या पुरांच्या खुणा कोरल्या आहेत, आणि ही त्यांतल्या सर्वांत वरच्यांपैकी. असं झालं की प्रवाशांना बसने पुढे नेतात आणि अडलेल्या जागेपलीकडच्या दुसऱ्या जहाजावर बसवतात. माझ्या आईबरोबरच्या सहलीत श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन या बांध नसलेल्या पट्ट्यात पाणी उतरलं आणि अर्धा दिवस बसमध्ये गेला. कंपनीने भरपाई दिली नाही, करारात तसं लिहिलेलंच असतं. वायकिंगचा मोठा ताफा अशा वेळी कामाला येतो: पलीकडेही हुबेहूब तसंच जहाज उभं असतं, तीच खोली, तोच नंबर, फक्त बॅग हलते. छोट्या कंपनीला हे दर वेळी जमत नाही.

नदीला पाणी कमी असतं ते बहुधा ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. मी मेचा दुसरा पंधरवडा किंवा जूनचा पहिला सुचवेन. पुराचा धोका तेव्हाही असतो, पण हवा छान आणि उजेड रात्री नऊपर्यंत. पोर्तुगालची डोरू नदी अतिशय सुंदर आहे, पण तिथे गावं चढावर आणि बसप्रवास जास्त, तेव्हा या खेपेला नको.

तुमच्या जागी मी असते तर पासाउ ते बुडापेस्ट हा डॅन्यूबचा आठवडा घेतला असता, अमाचा सावकाश गट किंवा ॲव्हलॉनची पॅनोरमा खोली, यांपैकी ज्याची मधल्या मजल्यावरची, लिफ्टजवळची खोली मिळेल ते. बजेट आखडतं असेल तर एमराल्ड. आई-बाबांना इतिहासाची गोडी असेल आणि दोघंच जाणार असतील तर वायकिंगही उत्तम.

व्हिसाचं एक लक्षात ठेवा. पासाउ ते बुडापेस्ट सगळे देश शेंगेनमधले, त्यामुळे एकच व्हिसा पुरतो, आणि अर्ज जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. बुडापेस्टच्या पुढे खालच्या डॅन्यूबवर जायचं ठरलं तर सर्बिया शेंगेनबाहेर आहे, आणि पुढचे बल्गेरिया-रुमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्ण शेंगेनमध्ये. म्हणजे बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं, आणि सिंगल एंट्रीचा व्हिसा तिथे चालत नाही. त्या मार्गाला जाणार असाल तर अर्जातच मल्टिपल एंट्री मागा आणि जहाजाचं दिवसवार वेळापत्रक सोबत जोडा.