विद्यापीठाकडे पैसा नाही म्हणतात, मग लेकीला तिथे पाठवू का?

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, विषय रसायनशास्त्र. तिला जळगावला, आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातच एमएस्सी करायची आहे. तुम्ही लिहिता, ‘सरकारी विद्यापीठांत पैसा नाही, प्राध्यापक नाहीत, वरती वाद चालतात, असं रोज कानावर येतं. पुतण्या म्हणतो, पुण्याला खासगीत टाका. दीड एकर केळीची जमीन गहाण ठेवायची माझी तयारी आहे. ठेवू का?’

नका ठेवू. आधी तिथे जाऊन या. काय बघायचं ते सांगते.

तुमची काळजी खोटी नाही. सार्वजनिक विद्यापीठात मंजूर जागांचे पगार राज्य सरकार देतं. इमारती आणि यंत्रांसाठी केंद्राच्या योजना असतात. २०१३ पासून रूसा होती, २०२३ मध्ये तिची जागा पीएम-उषाने घेतली. बाकीचा खर्च विद्यापीठाला परीक्षा शुल्क, कॉलेजांकडून मिळणारं संलग्नता शुल्क यातून भागवावा लागतो. कॉलेजं स्वायत्त होऊन आपल्या परीक्षा आपणच घेऊ लागतात तशी ही आवकही आटते. जागा भरायला परवानगी मिळाली नाही की वर्ग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालतात. ही माणसं मनापासून शिकवतात, मी कितीतरी पाहिलीत. पण पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो तुमच्या लेकीचा दोन वर्षांचा प्रोजेक्ट कसा हाती घेणार?

यंत्रांचं तर तुम्हाला लगेच कळेल. ठिबकला अनुदान मिळतं, पण नळ्या तुंबल्या की खर्च आपला. प्रयोगशाळेचंही तसंच. यंत्र घ्यायला निधी येतो, दरवर्षीच्या दुरुस्तीला हात आखडतो. एका विद्यापीठात (नाव नको) मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते. लाखोंचा स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावणातून किती प्रकाश जातो ते मोजणारं यंत्र, वर स्वच्छ प्लास्टिकचं आवरण. शेजारी वापराची नोंदवही दोरीने बांधलेली. मी उघडली. शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची होती. आतल्या एका दिव्यासाठी ते यंत्र बंद होतं, आणि दिव्याच्या फायलीवर सही करायला पूर्णवेळ अधिकारी नव्हता, प्रभारी होते. त्या बॅचची मुलं ते यंत्र न हाताळताच पास होऊन गेली. याचा मला आजही राग येतो.

वरच्या कारभाराची झळ खाली पोचते ती अशी. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने पुरेशी तयारी नसताना उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या. निकाल महिनोन्‌महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडले आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. कुलगुरू गेले, पण मुलांचं गेलेलं वर्ष कोणी परत दिलं?

म्हणून ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, आणि एकट्या विद्यापीठाच्या नावावरही नको. एकाच आवारात एक विभाग जोरात चालतो आणि शेजारच्याला कुलूप लागायची वेळ येते. कामाच्या दिवशी, दुपारी, लेकीला घेऊन रसायनशास्त्राच्या विभागात जा. कायम प्राध्यापक किती आणि त्यातले येत्या दोन वर्षांत निवृत्त होणारे किती, ते विचारा. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठा, गेल्या सत्राचा निकाल कधी लागला ते त्याच खरं सांगतील. कायद्यानुसार परीक्षा संपल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. प्राध्यापकी आणि पुढच्या शिक्षणासाठीच्या नेट, सेट, गेट या परीक्षांत गेल्या तीन वर्षांत कोण पास झालं, कोण गुजरातेत अंकलेश्वर-वापीकडच्या रसायन कंपन्यांत गेलं, हेही विचारा. वसतिगृहाचं आधी पक्कं करा, तुमच्या रावेरहून रोजची ये-जा जमणार नाही.

कागदही मागता येतात. विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, मांडला जातो. मंजूर जागा किती, भरलेल्या किती, हे माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत मिळायला हवं. आणि लेक पदवीधर झाली की या अधिसभेच्या निवडणुकीसाठी तिची मतदार म्हणून नोंदणी करा. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा प्रतिनिधी असतात. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांना पुण्याच्या फेऱ्या माराव्या लागू नयेत म्हणून १९९० मध्ये हे विद्यापीठ झालं. ते नीट चालावं असं वाटत असेल, तर या मतदानाला जायलाच हवं.

पुण्याचं म्हणाल, तर हेच प्रश्न तिथेही विचारा. चकचकीत इमारतीतही शिक्षक वर्षाच्या करारावर असू शकतो, आणि फी मात्र तुमच्या जमिनीतून जाईल. एमएस्सीच्या पदवीसाठी केळीचा मळा गहाण टाकावा असं मला अजिबात वाटत नाही. जळगावचा विभाग पाहून मन भरलं नाही, तर एमएस्सीच्या प्रवेशासाठी आयआयटीची जॅम परीक्षा आहे, इतर सरकारी विद्यापीठं आहेत. पुढचं आपण पुन्हा बोलू.

विभागात गेल्यावर प्रश्न लेकीलाच विचारू द्या, तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. आणि प्रयोगशाळेतल्या नोंदवहीत शेवटची तारीख कुठली होती, ते तिला मला कळवायला सांगा.