गोळी तीच, डोस वेगळा

प्रश्न : झोपेची झोल्पिडेम गोळी मला आणि ह्यांना सारखीच, १० मिलिग्रॅम. हे पहाटे सारसबागेत. मी दहापर्यंत पेंगते, परवा दूध उतू गेलं. वयाचं असेल? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : ताई, वयावर ढकलू नका. बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं. अमेरिकेत ही गोळी १९९२ साली आली; बायकांचा डोस निम्मा, ५ मिलिग्रॅम, करायला २०१३ उजाडलं. २० वर्षं! १९९३ पर्यंत तर मूल होऊ शकणाऱ्या बायकांना तिथे सुरुवातीच्या औषधचाचण्यांत घेतच नसत. आता घेतात, पण निकाल बाई-पुरुष वेगळे मांडायचा आळस अजून आहे. डोसचं डॉक्टरांना विचारा, मनाने गोळी मोडू नका. तोवर सकाळी स्कूटर नको, लक्ष्मी रोडला तर नकोच.