महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत जेएनयूसारखं विद्यार्थी राजकारण का दिसत नाही? पुणे विद्यापीठात वातावरण कसं असतं?

मी एम.ए. पुणे विद्यापीठातून केलं, दोन-तीन मित्र अजून तिथेच पीएच.डी. करताहेत, म्हणून पुण्यापुरतं खात्रीने लिहितो. राजकारण भरपूर आहे. नाही ती निवडणूक.

१९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. कॉलेजच्या निवडणुकांतल्या हाणामाऱ्यांना लोक आधीच विटले होते. पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका मोडीत काढल्या आणि वर्गात पहिला येईल तो वर्गप्रतिनिधी, असा नियम आला. म्हणजे ज्याला पुस्तकातून डोकं वर काढायचं नाही, नेमका त्यालाच पुढारी केला! २०१६ च्या नव्या कायद्यात निवडणुका परत आल्या, पण कागदावरच. २०१९ मध्ये त्या घ्यायचं ठरलं, तर विधानसभा निवडणूक आडवी आली आणि पाठोपाठ कोरोना.

दिल्लीतल्या जेएनयूत निवडणूक घेणारा आयोगसुद्धा विद्यार्थ्यांचाच असतो आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारांना मतदानाआधी एका रात्री भर सभेत एकमेकांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. पुण्यात अशी वेळ कुणावरच येत नाही. अभाविप, एसएफआय, एनएसयूआय, युक्रांद, छात्रभारती अशा सगळ्या विद्यार्थी संघटना आहेत, पण कुणाच्या मागे किती पोरं आहेत हे मोजणार कसं?

त्यामुळे इथलं मुख्य हत्यार म्हणजे निवेदन. हा विधी एकदा बघण्यासारखा असतो. एकच कागद, तो सहा जणांनी धरलेला, पलीकडे कुलसचिव किंवा जो अधिकारी सापडेल तो, आणि सगळ्यांच्या नजरा कागदाकडे नाही तर मोबाइलकडे. आवक-जावकचा शिक्का वाळायच्या आत फोटो व्हॉट्सअॅपवर. आठवड्याने दुसरी संघटना त्याच मागणीचं निवेदन देते आणि मागणी मान्य झालीच तर दोघांचीही 'आंदोलनाला यश' अशी पोस्ट पडते. हसू येतं खरं, पण काही कामं अशानेच मार्गी लागतात. सत्तेतल्या पक्षाच्या जवळची संघटना असेल तर जरा लवकर लागतात, हेही लपलेलं नाही.

विचारसरणीवरून ठिणगी पडते ती अधूनमधून. २०२३ च्या नोव्हेंबरात पंतप्रधानांबद्दल भिंतीवर लिहिलेल्या मजकुरावरून तणाव झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत ललित कला केंद्रातलं विद्यार्थ्यांचं नाटक बंद पाडलं गेलं, विभागप्रमुख आणि विद्यार्थ्यांना अटक झाली. अशा वेळी चार दिवस पोलीस, टीव्हीच्या गाड्या, घोषणा. मग पुन्हा अनिकेत कँटीनमध्ये चहा आणि फेलोशिपच्या गप्पा.

कारण संशोधक विद्यार्थ्याला खरी धग लागते ती तिथेच. बार्टी, सारथी, महाज्योती या संशोधकांना फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्था; कुणाची फेलोशिप थकलीय, कुणाच्या जागा कमी केल्यात. २०२३ च्या डिसेंबरात या संस्थांच्या चाळणी परीक्षेत २०१९ च्या सेटचीच (प्राध्यापक पात्रता परीक्षेची) प्रश्नपत्रिका आल्याची ओरड झाली आणि परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी पोरं अशा वेळी एका सतरंजीवर बसतात.

पुण्यातली सगळ्यात मोठी विद्यार्थी गर्दी मात्र विद्यापीठात जमतच नाही, ती पेठांतल्या अभ्यासिकांमधून बाहेर पडते. एमपीएससीचा सविस्तर उत्तरं लिहायचा नवा पॅटर्न लगेच नको, २०२५ पासून लागू करा म्हणून २०२३ च्या फेब्रुवारीत पोरं रस्त्यावर बसली, आयोगाला ऐकावं लागलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बँक भरतीची आयबीपीएस परीक्षा एमपीएससीच्याच दिवशी आली, तेव्हाही रस्त्यावर उतरून त्यांनी पूर्वपरीक्षा पुढे ढकलायला लावली.

पुण्यावरून सगळा महाराष्ट्र मात्र जोखू नका. छत्रपती संभाजीनगरला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव द्यावं यासाठीच सोळा वर्षं लढा चालला, लोकांचे जीव गेले, घरं जळाली. १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, तिथल्या गेटवर एकदा जाऊन या. तिथल्या मुलांना राजकारण कॅम्पसवर येऊन शिकावं लागत नाही, ते घरून घेऊनच येतात.

मतपेटी दिसते ती फक्त अधिसभेच्या, म्हणजे सिनेटच्या, पदवीधर निवडणुकीत. मुंबईत तर युवासेना आणि अभाविप ती आमदारकीसारखी लढवतात. २०२४ ला पदवीधरांच्या दहाच्या दहा जागा उद्धव ठाकरेंच्या युवासेनेने घेतल्या. पण त्यात मत पदवीधरांचं, आज वर्गात बसलेल्या मुलाचं नाही. आणि पदवी मिळाली म्हणून यादीत नाव आपोआप येत नाही, अर्ज भरून नोंदणी करावी लागते. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी ती केलेलीच नाही.