खरूज क्रीमला दाद देत नाही, आता काय?

प्रश्न: नमस्कार मॅडम, मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीला होस्टेलवरून आला तो अंग खाजवतच. बोटांच्या बेचक्यात बारीक पुळ्या, रात्री झोप नाही. डॉक्टरांनी खरूज सांगून परमेथ्रिन क्रीम दिलं, दोनदा लावलं, सव्वा महिना झाला तरी खाज आहेच आणि आता मला नि सासूबाईंनापण सुरू झाली. मेडिकलवाला म्हणतो हल्ली किडे या क्रीमला दादच देत नाहीत. खरंय का?

उत्तर: ताई, अर्धं खरंय. परमेथ्रिन झेलून जगणारे खरजेचे किडे सापडलेत, आयव्हरमेक्टिनला (खरजेवरची पोटात घ्यायची गोळी) न जुमानणारी खरूज तर ऑस्ट्रेलियात २००४ सालीच नोंदली गेलीय. पण 'क्रीम चालत नाही' म्हणून कोणी आलं की मी आधी विचारते, ट्यूब किती लागल्या? मोठ्या माणसाला एका वेळेला साधारण ३० ग्रॅम लागतं, म्हणजे अख्खी छोटी ट्यूब, आणि आपण तीच पुरवून पुरवून घरभर वापरतो, तेही खाजतं तेवढ्यावरच! मानेपासून तळपायापर्यंत सगळीकडे लावायचं, बेंबीत, जांघेत, नखांखाली, सासूबाईंना डोक्याला नि चेहऱ्यालाही (डोळे-तोंड सोडून), ८ ते १४ तास ठेवायचं, मध्ये हात धुतले की हातांना परत, आणि ७ दिवसांनी पुन्हा सगळं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज नसली तरी, कारण पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायलाच ४ ते ६ आठवडे जातात. तुमचं तेच झालंय, आणि मुलगा बरा झाला असला तरी तुमच्याकडून परत घेत असणार.

चादरी-कपडे गरम पाण्यात धुवा, जे धुता येत नाही ते पिशवीत ३ दिवस बांधून ठेवा, माणसाच्या अंगाबाहेर किडा तेवढा टिकत नाही.

किडे मेले तरी खाज २ ते ४ आठवडे राहते, त्याला घाबरू नका. नवीन पुळ्या येत राहिल्या तर मात्र स्किनवाल्यांना दाखवा. ते वजनावर आयव्हरमेक्टिनची गोळी देतील, दोन डोस, जेवणानंतर (गरोदर बाई आणि १५ किलोखालच्या मुलांना नाही), किंवा अंगाला लावायला बेंझिल बेंझोएट, नाहीतर आपलं जुनं गंधकाचं मलम, वास मारतं पण तान्ह्या बाळालाही चालतं. मेडिकलवाल्याने स्टेरॉइडची मिक्स क्रीम सुचवली तर ती मात्र नको, खाज दबते, किडे मजेत राहतात.

आणि मुलाला रूममेटला आजच फोन करायला सांगा, नाहीतर सुट्टी संपून गेला की पहिले पाढे पंचावन्न.