वाचकांचे प्रश्न : एमजीबीला वेबर, व्ही-एट की जुळे एसयू?

प्रश्न : काका, मागच्या वर्षी मी 1977 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, घेतली. कॅलिफोर्नियातून परत आलेली गाडी, स्टिअरिंग डावीकडे, काळे रबरी बंपर. पत्रा कुठेही गंजलेला नाही म्हणून घेतली, पण चढावर तिचा जीव जातो. बॉनेटखाली एकच स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण देणारा भाग) आहे. एक मित्र म्हणतो वेबर 45 कार्ब्युरेटर लाव, दुसरा म्हणतो रोव्हरचं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन बसव, तिसरा म्हणतो जुळे एसयू कार्ब्युरेटर. मला शर्यत करायची नाही. रविवारी फिरायचं आणि उन्हाळ्यात वेल्सला जायचं, एवढंच. खर्च मात्र एकदाच करायचा आहे.
— एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : तिन्ही मित्रांनी औषध सांगितलं, नाडी कुणीच पाहिली नाही. ती आधी पाहू.

एमजीबी 1962 साली बाजारात आली तेव्हा तिचं 1798 सीसीचं बी-सीरीज इंजिन 95 अश्वशक्ती द्यायचं. तुमच्या साली अमेरिकेत गेलेल्या गाड्यांना जेमतेम 62 उरली होती. मधली तेहेतीस गेली कुठे? काही त्या एकट्या स्ट्रॉमबर्गने आणि त्याच्या मॅनिफोल्डने, म्हणजे सिलिंडरांना जोडणाऱ्या नळ्यांनी, खाल्ली, काही धुराच्या नियमांसाठी जोडलेल्या सामानाने, आणि बरीच पिस्टनने. ब्रिटनमधल्या गाडीचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण, 8.8 किंवा 9 ला एक, तुमचं 8 ला एक. पिस्टनमुळे गेलेली ताकद कुठलंही कार्ब्युरेटर परत आणत नाही. म्हणून आधी इंजिन तपासा, मग कार्ब्युरेटर. हा क्रम उलटा करून दोनदा खर्च केलेली बरीच माणसं माझ्याकडे येतात.

ब्लॉकच्या उजव्या बाजूला रिबिटने ठोकलेली नंबराची पट्टी आहे. ती पुसून वाचा. सुरुवात 18व्ही अशी असेल आणि पुढे एल अक्षर असेल तर इंजिन कमी कॉम्प्रेशनचं, एच असेल तर जास्तीचं. पण इतक्या वर्षांत आत कुणी काय घातलंय ते पट्टी सांगत नाही, म्हणून सिलिंडरचा दाब मोजणारं गेज लावा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर फिरवा. एल इंजिनात सुमारे 130 पीएसआय यायला हवेत, एचमध्ये सुमारे 160. आकड्याहूनही चार सिलिंडरांतला सारखेपणा महत्त्वाचा. दोन आणि तीन नंबरच्या शेजारच्या सिलिंडरांचा दाब पडलेला दिसला तर हेडखालचं गॅस्केट गेलंय किंवा हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) चीर आहे. अमेरिकन गाड्यांची हेड मधल्या एक्झॉस्टपाशी तापून तडकतात, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ऑइल प्रेशरही बघा : गरम इंजिनाला चालत्या गाडीत 50 ते 80 पीएसआय, आयडलला 10 ते 25.

आकडे चांगले आले तर इंजिन उघडू नका. एल इंजिन असलं तरी आधी जुळे एसयू लावून एक उन्हाळा चालवून बघा, तुमच्या कामाला कदाचित तेवढं पुरेल. आकडे पडलेले असले तर मात्र इंजिन खोला, पिस्टन 8.8 चे घाला, हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या आणि हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीटा (व्हॉल्व्ह टेकतात त्या कडा) कडक धातूच्या बसवा. ब्रिटनमध्ये 2000 सालापासून शिसंवालं पेट्रोल मिळत नाही, मूळ सीटा त्याच्याच भरवशावर टिकायच्या.

आता एसयूच का? या इंजिनाला चार सिलिंडर, पण इनलेटची तोंडं दोनच : एक आणि दोन मिळून एक, तीन आणि चार मिळून एक. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2. म्हणजे एकाच तोंडातून दोन सिलिंडर लागोपाठ ओढतात आणि मग ते तोंड अर्धं चक्र गप्प बसतं. ही ओढ समान कधीच नसते. एसयूचा पिस्टन ओढ वाढली की वर सरकतो, घटली की खाली येतो, आणि त्याच्यासोबत सुई जेटमध्ये हलते. त्यामुळे कमी आरपीएमलाही गाडी गुळगुळीत चालते. स्किनर बंधूंची ही रचना 1905 च्या सुमाराची. त्यांच्या घरचा धंदा जोडे-चपलांचा, त्यामुळे सुरुवातीच्या एसयूत पिस्टनऐवजी चामड्याचा भाता होता!

वेबर 45 वाईट नाही. त्याचा आवाज मलाही आवडतो. पण त्यातल्या चोक (इथे हवेच्या वाटेचा अरुंद भाग), जेट आणि एमल्शन ट्यूब यांचे आकार ठरावीक. गरम कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) आणि घासूनपुसून मोठं केलेलं हेड असेल तर वरच्या आरपीएमला तो फळ देतो. साध्या कॅमवर फायदा थोडा, पेट्रोल जास्त, आणि रोलिंग रोडवर (चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजतात ते यंत्र) बसवून घेतल्याशिवाय तो सुधरत नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या व्हॅक्युमसाठी वेगळी जागा करावी लागते ती निराळीच. शिवाय तुमचं स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे ब्रेकचा सर्वो आणि मास्टर सिलिंडरही डावीकडे, आणि या इंजिनाचे कार्ब्युरेटरही डावीकडेच. तिथे लांबोडका वेबर बसवताना हात सोलून निघतात.

व्ही-एटबद्दल थोडक्यात. कारखान्याने 1973 ते 1976 मध्ये 3528 सीसी, 137 अश्वशक्तीची जीटी व्ही-एट विकली. अ‍ॅल्युमिनियममुळे इंजिन फार जड नाही, आणि रबरी बंपरच्या गाडीत त्याला जागाही आहे. पण गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, रेडिएटर, ब्रेक सगळं मागोमाग बदलत जातं. सिलिंडरची संख्या बदलली की चाळीस वर्षांपुढच्या गाडीला मिळणारी एमओटीची (ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन तपासणीची) सूट टिकते का, हा प्रश्न उभा राहतो. विमा कंपनीलाही कळवावं लागतं. वेल्सला जायला हे सगळं कशाला?

तर जुळे एसयू एचएस-4, दीड इंची. नंतरचे एचआयएफ-4 ही चालतात, पण एचएस-4 उघडायला सोपे. जोडी एकाच गाडीवरची, नव्या स्पिंडल-बुशसह (स्पिंडल म्हणजे झडपेचा दांडा) घ्या. घासलेल्या स्पिंडलमधून हवा शिरली तर आयडल कधीच जागेवर येत नाही. सोबत जुळ्या कार्ब्युरेटरचा इनलेट मॅनिफोल्ड, ब्रिटिश गाडीचा ओतीव एक्झॉस्ट मॅनिफोल्ड व त्याचा पुढचा पाइप, हीट शील्ड, इन्सुलेटिंग ब्लॉक आणि चोकची (थंड इंजिन सुरू करताना मिश्रण जाड करणाऱ्या सोयीची) केबल लागेल, कारण तुमचा स्ट्रॉमबर्ग पाण्याच्या उष्णतेवर आपोआप चोक उघडतो. धुराच्या नियमांसाठीचा एअर पंप काढल्यावर हेडमधली चार भोकं 7/16 यूएनएफ बोल्टने बंद करा. टॅपेट कव्हरचा ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) कार्ब्युरेटरना जोडा. तेलाचं झाकण कुठलं, हेही तेव्हाच तपासा : कार्बन कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ शोषणारा डबा) ठेवणार असाल तर बंद झाकण चालेल, काढणार असाल तर हवा घेणारं हवं.

जेट आधी ब्रिजला (पिस्टनखालच्या उंचवट्याला) टेकवा आणि जेटचा सहा बाजूंचा नट बारा बाजू, म्हणजे पूर्ण दोन फेरे, खाली घ्या. डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरच्या डोक्यातल्या तेलाच्या नळीत) एसएई 20 तेल. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दोन्ही कार्ब्युरेटरची फुसफुस सारखी करा. मग कार्ब्युरेटरचा पिस्टन मिलिमीटरभर उचला. आरपीएम वाढून तसेच राहिले तर मिश्रण जाड, इंजिन पडायला लागलं तर पातळ, क्षणभर वाढून जागेवर आलं तर बरोबर. पेट्रोल ई-5 चं (पाच टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) सुपर घ्या. साध्या पंपावर 2021 पासून ई-10 (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) आहे, आणि जुन्या रबराला त्यातलं इथेनॉल सोसत नाही.

प्रश्न : आमच्या जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरचं इंजिनही याच बी-सीरीजचं आहे ना? मग त्यात एमजीबीचं 1798 बसेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : घराणं तेच. तुमचं 1489 सीसी, आणि स्ट्रोकही एमजीबीएवढाच, 88.9 मिमी, फरक बोअरचा. पण ऑक्टोबर 1964 नंतरचं एमजीबीचं इंजिन क्रँकशाफ्टला पाच बेअरिंग असलेलं, तुमचं तीनचं. मागची बॅकप्लेट, फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक जुळत नाही. सगळं जुळवलंत तरी आरसी बुकात इंजिन बदलाची नोंद आरटीओकडून करून घ्यावी लागेल. तेवढ्या खर्चात तुमचंच 1489 नव्याने बोअर करून घ्या.