लॅव्हेंडरच्या तेलाच्या वासाने मन खरोखर शांत होते का?

लॅव्हेंडरसारख्या सुगंधी तेलांनी मन खरोखर शांत होते, की ही केवळ समजूत आहे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

बहुतेक संवेदना थॅलॅमस या मेंदूतील मधल्या थांब्यामार्गे मेंदूच्या बाह्यकापर्यंत, म्हणजे बाहेरच्या थरापर्यंत, पोहोचतात. गंधाचा संदेश मात्र ते वळण न घेता थेट भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांत शिरतो. म्हणूनच वास कशाचा आहे हे सांगता येण्याआधीच कित्येकदा मन सैलावते. लॅव्हेंडरच्या तेलातील एक प्रमुख घटक म्हणजे लिनॅलूल. जपानमधील कागोशिमा विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लिनॅलूल हुंगलेल्या उंदरांची भीती कमी झाल्याचे दिसले. ज्यांची घ्राणशक्ती नष्ट केली होती त्यांच्यात तसा फरक पडला नाही. उंदरांनी जाहिराती वाचलेल्या नसतात, त्यामुळे हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. माणसांच्या चाचण्यांत मात्र अडचण अशी, की वास लपवता येत नाही. आपल्याला काय दिले आहे हे प्रत्येकाला कळतेच.

मी स्वतः रोज झोपण्यापूर्वी रुमालावर एक थेंब टाकून दहा मिनिटे वाचत बसतो. पहिले काही आठवडे काहीच जाणवले नाही. पुढे बाटलीचे झाकण उघडताच खांदे सैल पडू लागले. यात तेलाचा वाटा किती आणि सवयीचा किती, हे वेगळे काढण्याची मला गरज वाटलेली नाही. मात्र हा परिणाम तेवढ्या वेळेपुरताच असतो. चिंता आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर डॉक्टरांना भेटावे.

एकदा जुन्या, अर्धवट रिकाम्या बाटलीतले तेल तसेच मनगटाला लावले आणि दुसऱ्या दिवशी तिथे लालसर पुरळ उठले. लिनॅलूलचा हवेशी संयोग होऊन त्वचेला ॲलर्जी आणणारी द्रव्ये तयार होतात, हे मला नंतर समजले. तेव्हापासून मी लहान बाटली घेतो, ती अंधारात ठेवतो आणि त्वचेला लावायचे झाल्यास 30 मिलिलीटर बदामाच्या तेलात साधारण 6 थेंब, म्हणजे सुमारे एक टक्का, एवढेच मिसळतो. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाचे तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. घरात मांजर असल्यास डिफ्यूझर, म्हणजे तेलाचा वास हवेत पसरवणारे उपकरण, बंद खोलीत लावू नये, कारण या तेलांतील कित्येक घटकांचा निचरा तिच्या यकृताला नीट करता येत नाही.