कोड आला, पण सेन्सरच बिघडला कशावरून?

प्रश्न : माझ्या पेट्रोल मोटारीचा ‘चेक इंजिन’ दिवा महिनाभर पेटलेला आहे. गरम इंजिन पुन्हा चालू व्हायला वेळ लागतो, धुराला पेट्रोलचा वास येतो आणि मायलेजही घटले आहे. गॅरेजमध्ये स्कॅनरवर ‘पी ०१७२’ हा कोड दिसल्याने ऑक्सिजन सेन्सर बदलला. आठवड्याभरात तोच कोड परत आला. आता कोणता सेन्सर बदलावा?

उत्तर : तूर्त कोणताही बदलू नये. या कोडचा अर्थ हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण जास्त आहे, एवढाच होतो. ही बाब धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरने लक्षात आणून दिली म्हणून त्यालाच काढून टाकणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यासारखे आहे.

तुमची लक्षणे पाहता माझा पहिला संशय कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमान सेन्सरवर जातो. तापमान वाढेल तसा या सेन्सरचा विद्युतरोध कमी होतो. बहुतेक गाड्यांत तो २० अंश सेल्सिअसला दोन ते तीन हजार ओहम, तर ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास असतो. इंजिन तापलेले असूनही सेन्सर ते थंड असल्याचे कळवत राहिला, तर ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) थंड इंजिनाला लागते तेवढे जादा पेट्रोल सोडत राहतो.

गाडी रात्रभर उभी राहू द्यावी. सकाळी इंजिन चालू न करता केवळ इग्निशन ऑन करून स्कॅनरवर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान पाहावे. हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत. कूलंटचा आकडा बराच कमी असल्यास सेन्सरचा कनेक्टर काढून पाहावा. बहुतेक गाड्यांत आकडा उणे ४०च्या आसपास उतरतो आणि कनेक्टरच्या दोन पिना तारेने जोडल्यावर एकदम शंभराच्या बराच वर चढतो (सेन्सर दोन तारांचा असेल तरच हे करावे). असे घडल्यास वायरिंग आणि ईसीयू ठीक असून दोष सेन्सरमध्ये किंवा कनेक्टरच्या जोडणीत आहे. पिनांवर हिरवट गंज दिसल्यास आधी तो साफ करावा; माझ्या अनुभवात मेलेल्या सेन्सरपेक्षा गंजलेले कनेक्टरच अधिक सापडतात.

सकाळचे आकडे जुळूनही गाडी चालवताना तापमान साठच्या वर जात नसेल, तर सेन्सर खरेच बोलत असून थर्मोस्टॅट (कूलंटचा रेडिएटरकडे जाणारा प्रवाह नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला असण्याची शक्यता अधिक. तेही नसेल, तर गळका इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) आणि इंधनाचा दाब तपासून घ्यावा.

दिवा लुकलुकू लागल्यास मात्र गाडी थांबवावी, कारण मिसफायरमुळे न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातील प्रदूषण कमी करणाऱ्या भागात) जाऊन तो निकामी होऊ शकतो. शिवाय कोड पुसण्यापूर्वी ‘फ्रीझ फ्रेम’मधील (कोड आला त्या क्षणी ईसीयूने साठवलेल्या) नोंदी, विशेषतः कूलंटचे तापमान, लिहून घ्याव्यात, कोडबरोबर त्याही पुसल्या जातात.